शिवनेरी पाहून झाला? आता जुन्नर-आंबेगावची हजारेक वर्षांपूर्वीची मंदिरं कशी पाहायची ते समजून घ्या

११ जुलै २०२५ ला शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने एकूण १२ किल्ले यादीत आले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. जुन्नरचं रीलमधलं वेळापत्रक आधीच ठरलेलं होतं, सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, संध्याकाळी नाणेघाट किंवा माळशेज. यादीत नाव आल्यावर ते आणखी पक्कं झालं.

पण याच तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात आणखी एका 'बारा'च्या यादीतली चार नावं आहेत, आणि ती फारशी कुणाच्या फीडवर येत नाहीत. परंपरा असं सांगते की, शिलाहार राजा झंझ याने सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांच्या काठी १२ शिवमंदिरं बांधली. गोदावरीच्या उगमाशी त्र्यंबकेश्वर, प्रवरेच्या रतनवाडीला अमृतेश्वर, हरिश्चंद्रगडावर हरिश्चंद्रेश्वर, भीमेच्या खोऱ्यात भोरगिरीला कोटेश्वर. मधल्या पट्ट्यात पुष्पावतीकाठी खिरेश्वरचा नागेश्वर, कुकडीच्या उगमाशी पूर गावचा कुकडेश्वर, मीना नदीच्या नावावर पारुंड्याचा ब्रह्मनाथ आणि घोड नदीच्या नावावर वचप्याचा सिद्धेश्वर. यातली पहिली तीन गावं जुन्नर तालुक्यात, वचपे आंबेगावात.

दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह येतो. त्या वीकेंडला कुठे जायचं असा प्रश्न पडला असेल, तर हा लेख या गावांसाठी आहे. नुसतं 'कुठे आहे, कसं जायचं' एवढंच सांगणार नाही. ते गूगल मॅप सांगेल. तिथे पोहोचल्यावर काय बघायचं, ऐकलेल्या गोष्टींपैकी कशावर किती विश्वास ठेवायचा आणि अशा मंदिरांचं सध्या काय होतंय, हे जास्त महत्त्वाचं आहे.

'ओपन वीकेंड' ही कल्पना आली कुठून?

युरोपात दर सप्टेंबरला एक गंमत असते. एरवी बंद असलेल्या किंवा तिकीट लागणाऱ्या जुन्या वास्तू एक-दोन दिवस सगळ्यांसाठी फुकट उघडतात. १९८४ मध्ये फ्रान्सने याची सुरुवात केली, इंग्लंडमध्ये १९९४ पासून 'हेरिटेज ओपन डेज' होतात. खेड्यातली मध्ययुगीन चर्चं हा त्यातला मोठा भाग. अनेक ठिकाणी रविवारच्या प्रार्थनेलाही आता मोजकीच माणसं येतात, दार बहुतेक वेळ बंद. मग त्या वीकेंडला गावातले स्वयंसेवक दार उघडतात, कुणीतरी घंटेच्या मनोऱ्यावर नेतं, कुणी हाताने लिहिलेल्या जुन्या वह्या दाखवतं, कोपऱ्यात चहा-केक असतो.

आपल्याकडे याच्या जवळचं जे आहे ते म्हणजे तिकीटमाफी. १८ एप्रिलला आणि १९ नोव्हेंबरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे एएसआयच्या, स्मारकांना प्रवेश मोफत असतो. जुन्नरकरांना याचा अर्थ लगेच कळेल. लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती बौद्ध लेण्यांच्या समूहातल्या ७ क्रमांकाच्या लेण्यात आहे, त्यामुळे अष्टविनायकाच्या दर्शनालाही पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं आणि त्यावरची नाराजी वेळोवेळी बातम्यांत येते.

पण पूर किंवा खिरेश्वरच्या मंदिराला मुळात तिकीटच नाही. तिथे वर्षभर 'ओपन डे' असतो. देव जागता आहे, पूजा चालू आहे, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला अशा मंदिरांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे इंग्लंडातल्या चर्चच्या बरोबर उलटी स्थिती. तिथे दार बंद आणि माहिती भरपूर. इथे दार उघडं, पण समोर जे दिसतंय ते काय आहे हे सांगणारं शक्यतो कुणी नाही. आणि जे कळत नाही त्यावर ऑइलपेंट मारायला हात कचरत नाही. खरी अडचण तिथे आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

खरंच एका राजाने १२ मंदिरं बांधली का?

झंझ राजा काल्पनिक नाही. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याचा तो राजा. अरब प्रवासी अल मसुदी इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर आला, तेव्हा सैमूर म्हणजे आपल्या चौलवर याच नावाचा राजा असल्याची नोंद त्याने केली आहे. शिलाहारांच्या नंतरच्या ताम्रपटात झंझाने शंकराची १२ देवळं बांधली आणि त्यांना स्वतःचं नाव दिलं असा उल्लेखही येतो.

इथवर ठीक. आता गडबड कुठे आहे ते बघा. ताम्रपट गावांची यादी देत नाही. 'कुकडीला कुकडेश्वर, पुष्पावतीला नागेश्वर' ही जोडणी परंपरेने केलेली आहे. शिवाय ताम्रपट म्हणतो देवळांना राजाचं नाव दिलं, आणि आपल्या यादीतल्या एकाही देवाच्या नावात झंझ नाही. पारुंडं तर मीनेच्या उगमाशीही नाही. ती नदी पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेजवळ उगम पावते, गाव तिथून बरंच पूर्वेला आहे. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शैली. आज या मंदिरांवर जे खांब आणि जी शिल्पं दिसतात, त्यांची ठेवण दहाव्या शतकाच्या सुरुवातीपेक्षा पुढच्या दोन-तीन शतकांतल्या शिलाहार-यादव काळातल्या कामाला जास्त जवळची आहे.

मग यादी खोटी का? माझं मत विचाराल तर यादी राजाबद्दल कमी आणि भूगोलाबद्दल जास्त सांगते. कोकणातल्या बंदरांतून माल नाणेघाट, माळशेज अशा वाटांनी वर यायचा आणि या नद्यांच्या खोऱ्यांतून पूर्वेला जायचा. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख बघितला की हा रस्ता दोन हजार वर्षं जुना आहे हे लक्षात येतं. घाट चढून आलं की पहिलं पाणी, पहिलं गाव, पहिलं देऊळ. एकाच माणसाने सगळी बांधली असोत वा नसोत, ती तिथेच का आहेत याचं उत्तर त्या वाटेत आहे.

'हेमाडपंती' म्हणजे नक्की काय?

काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. गावात विचारलं तरी हेच उत्तर मिळतं, मंदिरासमोरच्या फलकावरही बहुतेक हाच शब्द असतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र या दोन राजांच्या काळात तो अधिकारावर होता. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध.

आता अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. लोकलने जाता येईल इतकं जवळ. त्यावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी त्यालाही सर्रास हेमाडपंती म्हणतात.

चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधायची पद्धत हेमाद्रीने शोधली, हीसुद्धा अशीच पसरलेली समजूत. ती पद्धत त्याच्या जन्माआधीपासून वापरात होती. दगड घासून इतका सपाट करायचा की दोन थरांत फट राहत नाही, काही ठिकाणी खाच आणि कूस करून एकमेकांत बसवायचा, आणि बाकीचं काम वजनावर सोडायचं. वरचा भार खालच्या थराला जागेवर दाबून धरतो.

या एका गोष्टीचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही मंदिर बघताना उपयोगी पडतात. पहिला असा की अशी इमारत उतरवून पुन्हा रचता येते. एखाद्या जुन्या मंदिराच्या दगडांवर रंगाने लिहिलेले आकडे दिसले, तर तो कुणाचा चावटपणा नसून दुरुस्तीच्या वेळी कुठला दगड कुठे जाणार याची खूण असू शकते. दुसरा परिणाम वाईट. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं किंवा उंबराचं बी पडलं की मूळ आत शिरतं आणि वर्षानुवर्षं जाड होत जातं. चुना नाही, म्हणजे धरून ठेवणारं काही नाही. घाटमाथ्यावरच्या पावसात ते रोप फुकट वाढतं.

म्हणून फलकावर काही लिहिलेलं असो, तुमच्या कॅप्शनमध्ये 'शिलाहार-यादवकालीन' लिहा. हे जास्त बरोबर आहे.

पूरचा कुकडेश्वर: बाहेरून सुरुवात करा

जुन्नरहून आपटाळेमार्गे नाणेघाटाकडे निघालं की रस्ता माणिकडोह धरणाच्या जलाशयाच्या कडेने जातो. चावंड किल्ला मागे पडला की पूर जवळच. जुन्नरपासून साधारण २० किलोमीटर. कुकडी नदी इथे उगम पावते, पुढे तिच्यावर धरणं आहेत आणि खालच्या दुष्काळी तालुक्यांची शेती तिच्या कालव्यांवर आहे. पाण्याच्या राजकारणात रोज येणारं 'कुकडी' हे नाव जिथून निघतं ती ही जागा.

पहिल्या नजरेत मंदिर थोडं बुटकं वाटतं. मूळ शिखर आज नाही. त्यामुळे नजर आपोआप भिंतींवर जाते, आणि ते चांगलंच आहे.

बहुतेक लोक थेट आत जातात, घंटा वाजवतात, नमस्कार करतात आणि सेल्फी काढून निघतात. तुम्ही आधी एक फेरी बाहेरून मारा. अशा मंदिराची भिंत खालून वर वाचायची असते. सगळ्यात खाली आडव्या थरांचा जोता, कधी साधा, कधी कोरलेला. त्यावर मूर्तींचा पट्टा, त्याला जंघा म्हणतात. भिंत सरळ नसते, ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. त्यामुळे दुपारच्या उन्हात एका बाजूला सावल्यांच्या उभ्या रेघा पडतात. फोटोसाठी सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा, तिरक्या उजेडात झिजलेली मूर्तीसुद्धा उठून दिसते.

शिवमंदिरांच्या बाहेरच्या भिंतींवर बऱ्याचदा भैरव, नटराज, अंधकासुराला त्रिशुळावर उचलणारा शिव अशी उग्र रूपं असतात. हाडं दिसणारी, पोट खपाटीला गेलेली बाई दिसली तर ती हडळ नाही, ती चामुंडा. तिच्या पोटावर अनेकदा विंचू कोरलेला असतो. आरशात बघणारी, काहीतरी लिहिणारी किंवा केस पिळणारी तरुणी दिसली की ती सुरसुंदरी. प्रत्येक मंदिरात हे सगळं असेलच असं नाही. कुठल्या मंदिरात काय सापडतं आणि काय नाही, हे टिपत गेलात की दुसऱ्या-तिसऱ्या मंदिरापासून मजा वाढते.

गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारा दगडी पन्हळ शोधा. देऊळ पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर तो साधारणपणे उत्तरेला असतो. शंकराची प्रदक्षिणा अर्धी घालून मागे फिरतात ती याच पाण्याच्या वाटेमुळे, ती ओलांडायची नसते. गावातली माणसं तिथून मागे वळताना दिसली तर तुम्हीही वळा.

मग आत. उंबऱ्यापाशी थांबा. दाराची चौकट म्हणजे एकात एक बसवलेल्या नक्षीच्या पट्ट्या, त्यांना द्वारशाखा म्हणतात. खालच्या टोकाला द्वारपाल आणि सेवक, वर मधोमध बहुतेक वेळा गणपती. खांबांच्या माथ्यावर हातपाय वाकवून छत पेललेले बुटके पुरुष दिसतील. त्यांना भारवाहक यक्ष किंवा कीचक म्हणतात. प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो, कुणी वैतागलेला, कुणी मजेत. मला ही मंडळी देवांपेक्षा जास्त ओळखीची वाटतात.

खिरेश्वर: इथे मान वर करा

हरिश्चंद्रगडाला टोलार खिंडीतून जाणाऱ्या ट्रेकर्सना खिरेश्वर माहीत आहे. कल्याण-नगर महामार्गावर मढच्या पुढे खुबी फाटा लागतो, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून गावात जाता येतं. ट्रेकर रात्री पोहोचतात, पहाटे निघतात, आणि गावाबाहेरचं नागेश्वराचं देऊळ बघायचं राहून जातं.

या मंदिराची खासियत छतात आहे. सभामंडपाच्या छतावर चौकटी पाडून त्यात देवतांच्या जोड्या कोरल्या आहेत, रती-मदनाचं शिल्प त्यातच आहे. शेषशायी विष्णूही इथे आहे. शंकराच्या देवळात विष्णू कसा, असा प्रश्न पडला तर तो पडू द्या. मध्ययुगीन शिवमंदिरांत विष्णू, सूर्य, ब्रह्मा सगळे भेटतात. 'शैव विरुद्ध वैष्णव' ही कमेंट सेक्शनमधली लढाई या दगडांवर शोधून सापडत नाही.

छत बघायचं म्हणजे मान मोडते. सोपी युक्ती, फोन जमिनीवर उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा चालू करा, टायमर लावा. फ्लॅश नको, त्याने कोरीव काम सपाट दिसतं. फोन ठेवण्याआधी तिथे बसलेल्यांना विचारा, कारण ते तुमच्यासाठी स्मारक असलं तरी त्यांच्यासाठी देवघर आहे.

एरवी अशा मंदिरांतलं मधलं छत कसं उभं राहतं तेही बघण्यासारखं असतं. चार तुळयांच्या चौकोनावर कोपरे कापणारे तिरके दगड, त्यावर पुन्हा तिरके, असं करत भोक लहान होत जातं आणि शेवटी एका दगडाने बंद होतं. कमान नाही, चुना नाही.

आवारातले 'फालतू' दगड

खरा खजिना बऱ्याचदा मंदिराबाहेर पडलेला असतो. पारावर टेकवलेले, अर्धे मातीत गेलेले, कधी कपडे धुवायला वापरलेले दगड.

उभा दगड आणि त्यावर तीन-चार चौकटी असतील तर तो वीरगळ. हा खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना. बाजूला गायी कोरलेल्या असतील तर गोधन वाचवताना मेलेला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, म्हणजे कैलासाला पोहोचला. टोकाला कलश, आणि चंद्र-सूर्य, म्हणजे जोवर ते आहेत तोवर ही आठवण राहील. हजार वर्षांपूर्वीची चार फ्रेमची स्टोरी आहे ती, फक्त २४ तासांनी गायब न होणारी.

कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. आणि गाढव आणि बाई अशी अश्लील वाटणारी आकृती दिसली तर ती गधेगाळ. राजाने दिलेलं दान जो मोडेल त्याला घातलेली ती दगडातली शिवी आहे. शिलाहारांच्या मुलखात, विशेषतः कोकणात, ती बऱ्याच ठिकाणी आढळते. गावाचा इतिहास लिहिलेला नाही असं म्हणतात, तेव्हा तो बहुतेक असा पारावर टेकवून ठेवलेला असतो.

मग बिघडतंय काय?

दोन शब्द इथे एकमेकांवर आपटतात, जतन आणि जीर्णोद्धार.

गावाच्या बाजूने बघा. पावसाळ्यात छत गळतं. ओल्या दगडी फरशीवर म्हातारी माणसं घसरतात. जत्रेला हजारो लोक येतात, त्यांना सावली हवी. मुंबई-पुण्यात नोकरी करणारी मुलं वर्गणी देतात आणि 'देवाचं काहीतरी करा' म्हणतात. मग फरशीवर टाइल्स येतात, सांध्यांत सिमेंट भरलं जातं, समोर पत्र्याची शेड उभी राहते, मूर्तींना ऑइलपेंट लागतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. उलट, ही देवळं आजवर उभी राहिली त्याचं मोठं कारण तिथली पूजा कधी थांबली नाही हेच आहे. ज्या मंदिरातून देव गेला, त्याचे दगड बांधाला आणि विहिरीला गेले.

पण परिणाम हेतू बघून होत नाहीत. तैलरंगाचा थर दगडाचा श्वास कोंडतो, आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. कडक सिमेंट सांध्यात पाणी अडवून धरतं, शिवाय त्यातले क्षार दगडात उतरतात. रंग काढायला सँडब्लास्टिंग केलं तर रंगाबरोबर नाक, डोळे आणि दागिन्यांची बारीक नक्षीही जाते. एकदा गेलेलं नाक परत येत नाही.

कायदा काय सांगतो? मंदिर केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याला १९५८ चा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा वेगळा कायदा आहे. पूजा आधीपासून चालू असेल तर ती चालू राहते, हे दोन्हींत गृहीत धरलेलं आहे. तुम्ही जिथे गेलात ते कशात मोडतं हे ओळखायची साधी खूण म्हणजे 'संरक्षित स्मारक' असं लिहिलेला फलक. तो नसेल तर देऊळ बहुधा ट्रस्ट, ग्रामपंचायत आणि जीर्णोद्धार समितीच्या हातात आहे. आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य जुनी देवळं याच दुसऱ्या गटात आहेत. राज्यभरात केंद्र संरक्षित स्मारकं ३०० च्या आत आहेत, आणि त्यात लेणी, किल्ले, मशिदी, थडगी सगळं आलं.

आंबेगावात तर गोष्ट आणखी वेगळी आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. वचपं याच जलाशयाच्या परिसरात येतं. धरणांनी गावं उठवली तेव्हा माणसांच्या पुनर्वसनाचेच हाल झाले, देवळांचा हिशेब कोण ठेवणार? इंदापूर तालुक्यातलं पळसदेव याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. उजनी धरणात गाव गेलं, वस्ती आणि देव नव्या जागी आले, आणि जुनं पळसनाथाचं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. दुष्काळ जितका मोठा, तितकं मंदिर जास्त दिसतं. त्याचे ड्रोन शॉट व्हायरल होतात, आणि त्याच आठवड्यात खालच्या गावांत टँकर चालू असतात.

जाणारच असाल तर

पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर साधारण ९०-९५ किलोमीटर. एसटी जुन्नरपर्यंत भरपूर आहेत, पूरकडे आणि खिरेश्वरकडे मोजक्या, त्यामुळे परतीची गाडी आधी विचारून ठेवा. एका दिवसात पूर आणि नाणेघाट आरामात होतं. खिरेश्वरसाठी दुसरा दिवस ठेवा, दोन्ही एकाच दिवसात कोंबलंत तर रस्ताच बघाल. वचप्याला जायचं तर मंचर-घोडेगाव-डिंभे अशी वाट, तोही वेगळा दिवस. १९ नोव्हेंबरचा आठवडा एप्रिलपेक्षा बरा, पाऊस थांबलेला असतो, गवत अजून उभं असतं आणि ऊन सोसण्यासारखं असतं. अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला या. जुन्नर-आंबेगाव बिबट्यांचा मुलूख आहे, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच नाही.

मूर्तींवर पाणी, दूध, खडू काहीही टाकू नका. शिलालेख 'नीट दिसावा' म्हणून त्यात पावडर भरणारे महाभाग असतात, त्यांच्यासारखं करू नका. बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं आपोआप उठतात.

फोटो मात्र भरपूर काढा. सेल्फीसोबत प्रत्येक भिंतीचा एक समोरून सरळ फोटो, प्रत्येक वीरगळाचा एक, दाराच्या चौकटीचा एक. तारीख आणि गावाचं नाव लिहून ते विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येतात, कुणालाही, फुकट. पाच वर्षांनी तिथे टाइल्स आल्या किंवा एखादी मूर्ती जागेवर नसली, तर आधी काय होतं हे सांगणारा पुरावा तोच असतो. मूर्ती चोरीला गेल्यावर पोलीस पहिल्यांदा विचारतात तो फोटोच.

आणि तिथे जीर्णोद्धाराची पावती फाडणारे काका भेटले, तर त्यांच्याशी वाद घालू नका. वर्गणी द्यायची असेल तर द्या आणि रंगकाम सुरू व्हायच्या आधी पुरातत्त्व खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयात एक अर्ज करून सल्ला घ्या, एवढं सुचवा. देऊळ संरक्षित नसलं तरी विचारायला कुणाची मनाई नाही. छताची गळती थांबवणं, सांध्यातली झाडं मुळासकट काढणं आणि पाण्याला वाट करून देणं ही तीन कामं बहुतेक ठिकाणी टाइल्सपेक्षा स्वस्तात होतात.